पासबुकातले पाच सेंट

(दृश्य: जुन्या खातेवहीचं पान, अगदी जवळून. काळ्या शाईतले रकाने. तळाशी सहीच्या जागी फुली.)

हे बँकेचं रजिस्टर आहे. खातं उघडणाऱ्या माणसाला काय काय विचारलंय बघा. नाव. जन्म कुठला. लहानाचा मोठा कुठे झालास. वय. काम काय करतोस, कुणाकडे करतोस. बायको. मुलं. आई, बाप, भाऊ, बहिणी. सुरुवातीच्या काही फॉर्मांवर आणखी दोन रकाने होते: जुना मालक कोण, आणि मळा कुठला.

आज पैसे भरायला आलेला हा माणूस काही वर्षांपूर्वी स्वतःच कुणाच्या तरी मालमत्तेत मोजला जात होता. त्याला लिहिता येत नाही, कारण गुलामाला अक्षर शिकवणं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. म्हणून फुली.

बँकेचं नाव फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांची बचत बँक. पाच सेंटपासून पैसे भरता यायचे.

(दृश्य: न्यू जर्सी. गणपतीची मिरवणूक, लेझीम, ढोल.)

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो. मग ह्या काळ्या लोकांना कुणी अडवलंय? गुलामी संपून दीडशे वर्षं झाली, आता तरी आपली जबाबदारी आपण घ्यायला नको का?

ही माणसं वाईट नाहीत. कष्टाने वर आलेली आहेत. पण ज्या 1965 च्या स्थलांतर कायद्याने त्यांच्यासाठी अमेरिकेचं दार उघडलं, तो ज्या वातावरणात झाला ते काळ्या माणसांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने घडवलेलं होतं. आणि त्या दोन बॅगांपैकी एकीत पदवी होती, बहुतेकदा सरकारी खर्चातून चाललेल्या कॉलेजची.

जबाबदारीचा प्रश्न मात्र खरा आहे. तो टाळायचा नाही. म्हणूनच आपण ही बँक बघणार आहोत.

(दृश्य: सव्हाना, जॉर्जिया. मॅडिसन स्क्वेअर. ओकच्या झाडांवरून लोंबणारं शेवाळ. ग्रीन-मेल्ड्रिम हाउसचा बिडाचा कोरीव व्हरांडा, मग जिना.)

12 जानेवारी 1865. गुलामीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध अजून संपायचं आहे. उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शर्मनने सव्हाना घेतलंय आणि ह्या घरात मुक्काम टाकलाय. वरच्या मजल्यावर वीस काळे धर्मोपदेशक बोलावले आहेत. त्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले गॅरिसन फ्रेझियर, वय 67. साठीच्या उंबरठ्यापर्यंत ते गुलाम होते. मग स्वतःला आणि बायकोला त्यांनी विकत घेतलं. किंमत हजार डॉलर, सोन्याचांदीत.

सरकारने विचारलं, तुम्ही आपला सांभाळ कसा कराल? फ्रेझियर म्हणाले, जमीन द्या. आमच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं ती नांगरतील, कसतील. लवकरच आम्ही आमच्या पायावर उभे राहू आणि गाठीला थोडं उरेलही.

त्यांनी ना धान्य मागितलं, ना पैसे.

चार दिवसांनी, 16 जानेवारीला, शर्मनचा आदेश क्रमांक 15 निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेला फ्लॉरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंत, किनाऱ्यालगतची बेटं आणि तीस मैल आतपर्यंतची जमीन, कुटुंबामागे जास्तीत जास्त 40 एकर. सुमारे 40 हजार माणसं तिथे वसली, पेरणी झाली. लिंकनची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षापासून बहुतेक जमीन परत जुन्या मळेवाल्यांच्या हाती जायला लागली.

आता ह्याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. 1862 मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामी बंद केली तेव्हा सरकारने भरपाई दिली होती. माणशी 300 डॉलरपर्यंत. ती मालकांना मिळाली.

(दृश्य: ब्यूफर्ट, दक्षिण कॅरोलायना. राष्ट्रीय स्मशानभूमी, पांढऱ्या दगडांच्या ओळी.)

युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक लढले. त्यांना पगार मिळायचा. ज्यांनी आयुष्यात कधी मजुरी घेतली नव्हती, त्यांच्या हातात रोख पैसा. तो ठेवायचा कुठे? ब्यूफर्टमध्ये, नॉर्फकमध्ये, न्यू ऑर्लिन्समध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी लहान बचत बँका काढल्या. त्यांतूनच मोठ्या बँकेची कल्पना पुढे आली. 3 मार्च 1865 ला लिंकनने तिच्या सनदेवर सही केली.

(दृश्य: पासबुक. पानं सावकाश उलटतात.)

पासबुक आणि पत्रकांवर लिंकनचं नाव, लिंकनचं चित्र. दारू सोडा, तंबाखू सोडा, लॉटरीच्या नादी लागू नका, असा उपदेश. रोज दहा सेंट बाजूला टाकले तर दहा वर्षांत किती साठतील, याचा तक्ता. चर्चमधून प्रचार, शाळांतून प्रचार, लष्करी अधिकाऱ्यांकडून प्रचार. आज ज्याला वैयक्तिक जबाबदारी म्हणतात, तिचे धडे ह्या लोकांना छापून वाटले होते.

आणि त्यांनी ते गिरवले. धोबिणींनी, हमालांनी, न्हाव्यांनी, शेतमजुरांनी. चर्चच्या मंडळांनी, मयतीच्या खर्चासाठी वर्गणी काढणाऱ्या संघटनांनी. 30 हून जास्त शाखा उघडल्या. बँकेच्या नऊ वर्षांत एकंदर 5 कोटी डॉलरहून जास्त ठेवी तिच्यात आल्या. लोक पैसे काढायचे ते जमीन घ्यायला, घर बांधायला, बी-बियाणं आणि खेचर घ्यायला.

सनदेत सुरुवातीला एक चांगली अट होती. ठेवींचा मोठा हिस्सा अमेरिकी सरकारच्या रोख्यांतच गुंतवायचा. कर्जं वाटायची नाहीत. खातेदारांना सांगितलं जात होतं की पैसा सरकारच्या पाठबळाने सुरक्षित आहे. तसं पाठबळ कायद्यात कुठेच नव्हतं, पण लिंकनच्या चित्राखाली कुणी ते विचारणार?

(दृश्य: वॉशिंग्टन. स्मिथसोनियनचा किल्ल्यासारखा लाल दगडी वाडा. कॅमेरा दगडाच्या पोतावरून फिरतो.)

हा लाल दगड मेरीलँडमधल्या सेनेका खाणीचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण बँकेची गोष्ट ह्या दगडापर्यंत येते.

बँकेच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते हेन्री कुक. त्यांचे भाऊ जे कुक म्हणजे त्या काळचे देशातले सर्वांत मोठे सावकार. युद्धाचे रोखे विकणारे, मग रेल्वेत पैसा ओतणारे. 1870 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बँकेची सनद बदलली. ठेवी आता जमीनजुमल्याच्या तारणावर कर्जाऊ देता येणार होत्या. दार उघडलं. पैसा कुणाकडे गेला? ज्या धोबिणीने तो साठवला तिच्याकडे नाही. काळ्या शेतकऱ्याला जमीन घ्यायला कर्ज मिळणं दुर्मीळच होतं. पैसा गेला वॉशिंग्टनमधल्या बांधकाम ठेकेदारांकडे, ओळखीच्या मंडळींकडे, आणि सेनेका सँडस्टोन कंपनीकडे. त्या कंपनीत हेन्री कुक यांचे स्वतःचे हितसंबंध होते. तारण म्हणून ठेवलेले रोखे जवळजवळ कवडीमोल निघाले. कागदोपत्री तारण हवं, ही अटसुद्धा अनेक कर्जांत पाळली गेली नव्हती.

एकाच माणसाने दोन्ही बाजूंना बसायचं, देणाराही तोच आणि घेणाराही तोच, आणि हिशेब तपासायला कुणी नाही. सप्टेंबर 1873 मध्ये जे कुकची पेढी बुडाली. देशभर बँका कोसळल्या. फ्रीडमन्स बँकेच्या दारात रांगा लागल्या.

(दृश्य: पुणे. गंज पेठ, फुले वाडा.)

तेच 1873 साल. पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ छापून आलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या आदरापोटी. आपल्या शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. ज्यांच्या मुक्तीचा त्यांना इतका आनंद होता, त्यांचे पैसे त्याच वर्षी बुडत होते. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती का, कुणास ठाऊक.

(दृश्य: सीडर हिल, फ्रेडरिक डग्लस यांचं घर. टेबल, पुस्तकं, खुर्ची.)

मार्च 1874 मध्ये बँकेच्या अध्यक्षपदी बसवलं फ्रेडरिक डग्लस यांना. गुलामीतून पळून आलेला, चोरून अक्षरं शिकलेला, देशातला सर्वांत मान्यवर काळा माणूस. स्वकष्टाने वर येण्याचं ह्याहून मोठं उदाहरण अमेरिकेकडे नाही. बँक आतून पोखरली आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं. बँक सावरायला त्यांनी पदरचे 10 हजार डॉलर तिला उसने दिले. हिशेब बघितल्यावर ते काँग्रेसकडे गेले आणि बंद करा म्हणाले. 29 जून 1874 ला बँक बंद झाली.

61 हजारांहून अधिक खातेदार, बुडालेली रक्कम जवळजवळ 30 लाख डॉलर. अर्ध्याअधिक लोकांना हप्त्याहप्त्याने थोडंफार मिळालं, बाकीच्यांना दमडी नाही. लोक पुढची कित्येक वर्षं पासबुकं जपून ठेवून काँग्रेसला अर्ज लिहीत राहिले.

(दृश्य: पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू, ट्रेझरीच्या समोरची इमारत. दारावरची नावाची पाटी.)

बँकेची मूळ इमारत पाडली गेली. त्या जागी सरकारी खजिन्याची जोडइमारत उभी आहे. 2016 मध्ये तिला बँकेचं नाव दिलं.

(दृश्य: सेंट हेलेना बेट, दक्षिण कॅरोलायना. खाडी, भरती, जाळं फेकणारा माणूस. ब्रिक बॅप्टिस्ट चर्च. पेन सेंटरची ओकची वाट.)

आता पुन्हा समुद्रकाठी. हे बेट वेगळं आहे. 1861 मध्ये उत्तरेचं आरमार आलं आणि मळेवाले पळाले. कर थकला म्हणून सरकारने जमिनी जप्त केल्या आणि लिलावात काढल्या. इथल्या काळ्या कुटुंबांनी पैसे एकत्र करून काही जमिनी विकत घेतल्या. त्यामुळे शर्मनचा आदेश रद्द झाला तरी ह्यांची जमीन टिकली. आज इथे जी जमीन काळ्या कुटुंबांकडे आहे, तिचा बराचसा भाग त्यांनी मोल देऊन घेतलेला आहे.

मग ती हातची गेली कशी? मृत्युपत्रांवाचून. कोर्ट आणि वकील हे गोऱ्यांचं राज्य होतं. तिथे जाऊन कागद करणं म्हणजे जमीन दाखवून घालवणं, असा अनुभव होता. आजोबा गेले, जमीन सगळ्या वारसांची सामाईक. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत जातात तसंच, फक्त इथे नावंही चढली नाहीत. चार पिढ्यांत पन्नास-साठ वारस. कुणी न्यूयॉर्कला, कुणी ओहायोला. एखादा बिल्डर दूरच्या एका नातवाचा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटप मागायचा, जमीन तुकड्यांत वाटता येत नाही म्हणून न्यायाधीश सगळीच लिलावात काढायचे. कर वेळेवर भरलेला, शेत कसलेलं, घर रंगवलेलं असून उपयोग नव्हता.

(दृश्य: हिल्टन हेड. सुरक्षा फाटक, गोल्फचं हिरवं मैदान, त्याला लागून जुन्या कबरी.)

शेजारचं हिल्टन हेड बेट. 1956 मध्ये पूल झाला आणि त्यामागोमाग गोल्फ आला. हे ब्रॅडॉक पॉइंटचं कबरस्तान. गुलामीतून आलेल्या कुटुंबांची माणसं इथे पुरली आहेत. आता ते वसाहतीच्या फाटकाच्या आत आहे.

1920 मध्ये अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक काळे शेतकरी होते. आज 50 हजारांच्या आत. उत्तरेकडे शिकागोला गेलेल्यांना बँकांनी कर्ज नाकारलं, म्हणून त्यांनी जाचक हप्त्यांच्या करारावर घरं घेतली. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. आज गोऱ्या सर्वसाधारण कुटुंबाची संपत्ती काळ्या कुटुंबाच्या सुमारे सहापट आहे.

(दृश्य: सेंट हेलेनाचं समाजमंदिर. लांब टेबल, वंशावळीचे मोठे कागद, पेन्सिली.)

बँक बुडवणारे कोण आणि पैसे भरणारे कोण, हे नोंदलेलं आहे. जमीन घेणारे कोण आणि लिलाव मागणारे कोण, हेही. जबाबदारीचा हिशेब करायचाच असेल तर दोन्ही रकाने भरा. काळ्या समाजातले वडीलधारे, चर्चचे पाद्री आपल्या पोरांना अभ्यास, बचत, शिस्त याबद्दल जितकं बोलतात तितकं बाहेरचा कुणी बोलत नसेल. त्यांनी स्वतःचा रकाना रिकामा ठेवलेला नाही.

2016 मध्ये दक्षिण कॅरोलायनाने कायदा बदलला. आता कुणी वाटप मागितलं तर आधी जमिनीची योग्य किंमत ठरते आणि तो हिस्सा घ्यायचा पहिला हक्क बाकीच्या वारसांना मिळतो. त्यासाठी वारस कोण ते सिद्ध करावं लागतं. म्हणून हे कागद, हे जन्ममृत्यूचे दाखले, ही मृत्युपत्रं.

(दृश्य: पाइन बेटाकडे जाणारा रस्ता, दलदल, बगळे.)

सेंट हेलेनावर 1999 पासून फाटकबंद वसाहती आणि गोल्फला मनाई आहे. 2023 मध्ये पाइन बेटावर गोल्फसाठी ह्या नियमातून सूट मागितली गेली. बेटावरची माणसं सभेमागून सभेला गेली, उभी राहून बोलली. काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेने, सूट नाकारली. आसपासच्या जमिनींचे भाव चढतच आहेत, त्याबरोबर जमिनीवरचा करही. तो दरवर्षी 15 जानेवारीपर्यंत भरावा लागतो, आणि सामाईक जमिनीच्या करात कुणाचा वाटा किती, ते ज्याने त्याने आपसात ठरवायचं असतं.