चोवीस व्होल्टची तोफ आणि तिचा स्विच

कमी व्होल्टेजच्या कॉइलगनसाठी, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून चुंबकत्वाने लोखंडी गोळी फेकणाऱ्या तोफेसाठी, ट्रान्झिस्टर कसा निवडावा, असा आजचा विषय जाहीर झाला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी नॉर्वेच्या एका प्राध्यापकांची हकिकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ज्यांनी ती माझ्याकडून पूर्वी ऐकली असेल, त्यांनी कृपया चेहऱ्यावर तसे दिसू देऊ नये.

क्रिस्टियान बिर्केलँड यांचे नाव आपण ध्रुवीय प्रकाशाच्या संदर्भात ऐकतो. त्यांनी १९०१ मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचे पेटंट घेतले आणि १९०३ मध्ये, ज्या शहराला आज ऑस्लो म्हणतात तेथील विद्यापीठाच्या सभागृहात, निमंत्रितांसमोर तिचे प्रात्यक्षिक मांडले. कळ दाबताच शॉर्टसर्किट झाले, कानठळ्या बसवणारा आवाज आला, ज्वाळा दिसल्या आणि प्रतिष्ठित मंडळींची पळापळ झाली. तोफेचा धंदा तेथेच आटोपला. मात्र त्याच सुमारास त्यांची गाठ सॅम आयडे या अभियंत्याशी पडली, हवेतला नायट्रोजन बांधण्यासाठी आयडे यांना विजेची जबरदस्त ठिणगी हवीच होती, आणि त्यातून निघालेल्या खतनिर्मितीच्या प्रक्रियेवर १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. पुढे बिर्केलँड २०० क्रोनरच्या नोटेवरही आले. आपली कॉइल जळाल्यास खताचा कारखाना निघेलच, अशी आशा मात्र कोणी बाळगू नये.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, कॉइलमध्ये प्रवाह सोडणे ही सोपी गोष्ट आहे आणि साठलेल्या ऊर्जेला वेळेवर, आपण ठरवलेल्या वाटेने बाहेर काढणे ही अवघड. तरीही आपले बहुतेक छंदिष्ट डेटाशीटच्या, म्हणजे निर्मात्याच्या माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावरचा अँपिअरचा आकडा पाहून मॉस्फेट (गेट नावाच्या टोकावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) विकत घेतात, याची मला फार दिवसांची तक्रार आहे. आयआरएफ३२०५ घ्या: ठळक अक्षरांत ११० अँपिअर, आणि बारीक टीप अशी की पॅकेजची, म्हणजे बाहेरच्या वेष्टनाची, मर्यादा ७५ अँपिअर आहे. शिवाय ११० हा आकडा वेष्टनाचे तापमान २५ अंश असताना, सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे. आपल्याला सतत प्रवाह नकोच आहे. आपल्याला एक-दोन मिलिसेकंदांचा झटका हवा आहे, आणि त्यासाठीचा सुरक्षित वापराचा आलेख आतल्या पानांवर असतो, जिथवर कोणी जात नाही. जुन्या मंडळींचे २एन३०५५ या जुन्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरवरचे प्रेमही मी समजू शकतो. पण १० अँपिअरला त्याचा गेन (प्रवाह किती पट होतो तो आकडा) ५ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे बेस या नियंत्रणाच्या टोकालाच २ अँपिअर पुरवावे लागतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

समजा पुरवठा २४ व्होल्टचा, कॉइलचा रोध ०.३ ओहम आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, १०० मायक्रोहेन्री आहे. गोळी आत शिरल्यावर इंडक्टन्स वाढतो, ते तूर्त सोडून देऊ. प्रवाह मिलिसेकंदभरात ८० अँपिअरच्या जवळ जातो. थायरिस्टर (एकदा चालू झाला की प्रवाह थांबेपर्यंत चालूच राहणारा स्विच) येथे बाद, कारण थेट बॅटरीवर तो गेटने बंद होत नाही. आयजीबीटी या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरवर सुमारे २ व्होल्ट पडतात, तर ८ मिलिओहमच्या मॉस्फेटवर ०.६४ व्होल्ट; चोवीसातून जाणारे ते जास्तीचे व्होल्ट परवडत नाहीत.

आता बंद करण्याचा क्षण. कॉइलला समांतर नुसता डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) लावला तर प्रवाह रेंगाळतो, आणि गोळी मध्य ओलांडून गेल्यावर कॉइल तिला मागे खेचते. डायोडशी एकसरीत ०.३ ओहमचा रोध जोडला तर प्रवाह दुप्पट वेगाने ओसरतो. पण त्या क्षणी ड्रेनवर, म्हणजे मॉस्फेटच्या कॉइलकडच्या टोकावर, २४ अधिक २४, म्हणजे ४८ व्होल्ट, शिवाय डायोडचे आणि तारांच्या इंडक्टन्समुळे उठणारा व्होल्टेजचा क्षणिक काटा. पंचावन्न व्होल्टच सोसणारा आयआरएफ३२०५ येथे काठावर येतो. म्हणून १०० व्होल्टचा आयआरएफबी४११० घ्यावा, ज्याचा रोध गेटवर १० व्होल्ट असताना जास्तीत जास्त ४.५ मिलिओहम आहे.

ते १० व्होल्ट अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या पिनकडून मिळणार नाहीत. डेटाशीटमधला २ ते ४ व्होल्टचा थ्रेशोल्ड ही मायक्रोअँपिअर वाहू लागण्याची सीमा आहे, ८० अँपिअरची नव्हे. तेव्हा १२ व्होल्टवर चालणारा टीसी४४२० सारखा गेट ड्रायव्हर, म्हणजे गेटला पुरेसे व्होल्टेज झटपट देणारी चिप, लावा, मॉस्फेटला अगदी चिकटून. अर्डुइनो रीसेट होत असताना त्याची पिन अधांतरी असते, म्हणून ड्रायव्हरचे इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोध घालायला विसरू नका. बॅटरीच्या तारेत फ्यूजही हवा. आता प्रश्न विचारा, पण नॉर्वेविषयी नकोत, नाहीतर मी पुन्हा सुरू होईन.