आभाराचं पत्र, मार्फत ५६ एपीओ

(दृश्य: इंदूर, राजेंद्रनगर. डिसेंबरची सकाळ, खिडकीजवळचं टेबल.)

महू इथून जवळच. इन्फंट्री स्कूल तिथे, आर्मी वॉर कॉलेजही तिथेच, त्यामुळे इंदूरच्या मुलांना गणवेशातली माणसं नवी नाहीत. हे पत्र मात्र दूर, सीमेवरच्या अनोळखी जवानाला आभाराचं म्हणून जायचंय.

चौथीतली मुलगी पहिलं वाक्य लिहिते: ‘आप हमारी रक्षा करते हैं।’ फळ्यावरून उतरवलेलं, हे कुणीही ओळखेल. वर्गात चाळीस मुलं असली तर हेच वाक्य चाळीसदा येतं. आई ते खोडत नाही, फक्त विचारते, ‘सकाळी काय झालं गं?’ मग कागदावर येतं की धाकट्याने तिच्या पोह्यांवरची सगळी शेव पळवली. आता पत्र वाचण्याजोगं झालं.

घरात मराठी असून पत्र हिंदीत का? मराठा लाइट इन्फंट्रीला लिहायचं असतं तर मराठीच हवं होतं. पण पत्र तमिळ किंवा नागा जवानाच्या हातात पडू शकतं, आणि फौजेत सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी. वाक्यं छोटी, अक्षर सुटं. ‘सा. न. वि. वि.’चा आग्रह आजोबांनी सोडावा. ‘सैनिक काका’ही नको, वाचणारी बाई असू शकते. ‘आदरणीय सैनिक’ पुरे.

प्रश्न एकच, आणि उत्तर देता येईल असा. ‘तुम्ही कुठे आहात?’ याचं उत्तर जवान देऊ शकत नाही. ‘किती शत्रू मारले?’ हे तर विचारूच नये. ‘सुट्टीत घरी गेल्यावर आधी काय खाता?’ हे चालतं.

(दृश्य: पेन, चित्र, वजनकाटा.)

स्केचपेनची शाई ओल लागली की पसरते. मजकूर बॉलपेनने लिहायचा. चित्र रंगीत खडूंनी काढलं तर दुसऱ्या कागदाला रंग लागतो, म्हणून मध्ये एक पातळ कागद घालतात. चमकीची पूड अजिबात नको.

खरी गडबड वजनात होते. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ए-४ चा साधा कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, पण २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) ड्रॉइंगचा कागद साडेबारा ग्रॅम. दोन्ही आणि वर पाकीट धरलं की काटा वीसच्या पुढे. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात. ज्याचे आभार मानायचे त्यालाच भुर्दंड! चित्र पातळ कागदावर काढणं हा सोपा उपाय.

तिळगूळ घालायचा हट्ट होतोच, कारण बहुधा १४ जानेवारीला संक्रांत आणि १५ ला सेनादिन. १९४९ साली १५ जानेवारीला जनरल करिअप्पांनी पहिले भारतीय सेनाप्रमुख म्हणून सेनेची सूत्रं घेतली. पण तिळाचं तेल कागदातून झिरपतं, पत्ता पुसट होतो, वाटेत मुंग्या लागतात. तिळगुळाचं चित्र चालेल.

(दृश्य: पाकिटावरचा पत्ता.)

‘सैनिक, सियाचीन’ हा पत्ता नव्हे. तुकडीचं नाव, खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सेनेचं टपाल कार्यालय), आणि ९ ने सुरू होणारा सहा अंकी पिन. ५६ ची टपाल दिल्लीच्या तळावरून वाटली जाते, ९९ ची कोलकात्याच्या. गावाचं नाव मुद्दामच नसतं. तुकडी कुठे आहे ते पाकिटावरून कळू नये म्हणूनच ही सोय. उत्साहाने खाली ‘लेह’ लिहिलं की ती सोय वाया गेली. तुकडी माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारावं; इंटरनेटवर सापडलेला पत्ता वापरू नये. पाठवणाऱ्याच्या जागी मुलीचं पहिलं नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता. घरचा नाही.

तारखेचं गणित उलटं मांडायचं. पुढच्या चौक्यांवर टपाल रसदीबरोबर जाते. बर्फ पडला, हेलिकॉप्टर उडालं नाही, की पिशवी खालीच थांबते. म्हणून तीन-चार आठवडे हाताशी ठेवायचे. हे पाकीट १५ डिसेंबरला पेटीत पडतं. घरी तीळ अजून आणायचेच आहेत.