उसाला पण चार दिवसांनीच पाणी येतं का?

नमस्कार मंडळी.

आपल्या सोलापूरकर मंडळाच्या कार्यकारिणीनं विषय दिला होता, शाश्वत समाजासाठी काय बदलायला हवं. सौरऊर्जेवर छान भाषण तयार होतं. पण मे महिन्यात सोलापूरला जाऊन आलो आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं ते फिसकटवलं.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे तुम्हाला काय सांगायचं! पहाटे तीनला आईनं "पाणी आलं" म्हणून हाक दिली, तशी लेक टुणकन उठली. तिला गड्ड्याची जत्राच वाटली. हंडे, कळशा, बादल्या झाल्या, शेवटी तिनं चहाची किटलीही भरली. दुपारी शेतावर गेलो. बांधावर उभी राहून म्हणाली, "आजी, उसाला पण चार दिवसांनीच पाणी येतं का?"

आई हसली. मी बुटाची नाडी बांधायला लागलो. ऊस आमचाच होता आणि बोअर माझ्या पैशानं मारलेलं.

उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आपण इथून फॉरवर्ड करतो. ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी; त्याला हात लागला की 'मायनस'. शहरासाठी भीमेत पाणी सोडलं की शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचेतो वाटेत पाणी उपसायच्या मोटारी टपलेल्याच. त्यातली एखादी तुमच्या चुलत्यांची नसेल असं छातीवर हात ठेवून सांगा. (मागच्या रांगेत शांतता पसरली, ती मी ऐकली.)

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर तेही करून झालं. दोन वर्षांपूर्वी ठिबकला पैसे पाठवले आणि मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकून पाठ थोपटून घेतली. पाणी खरंच वाचलं. वाचलेल्या पाण्यावर भावानं आणखी दोन एकर ऊस लावला.

लेकीच्या प्रश्नानंतर त्या रात्री आमचं वाजलं. मी म्हटलं, आपली काळी जमीन, मंगळवेढ्याकडं मालदांडी नुसत्या ओलीवर येते, ज्वारी पेर. भाऊ म्हणाला, "पेरतो की दादा. भाव पडला तर फरक तू पाठवतोस का?"

उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. शिवाय सोयरिकीत पहिला प्रश्न 'ऊस किती एकर?' तिथं ठिबकची नळी काय करणार? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दरवर्षी गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि ऊस-केळी बंद केली, शेतीसाठी बोअरही बंद. ते गावानं मिळून ठरवलं. आमच्या घरात दोन भावांचं जमेना.

आणि आपण? वीस वर्षं वापरून मग पायपुसणं होणाऱ्या चादरीच्या गावचे लोक जानेवारीत हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटतो. कडक भाकरी मात्र फ्रीजमध्ये ठेवतो! ठेवणारा मीच, हसू नका.

लेक आता दर चार दिवसांनी फोन करते, "आजी, आज आलं का?" उसाचा प्रश्न ती विसरलेली नाही, उत्तर मिळेना म्हणून माझ्याकडं बघते फक्त.

परवा भावाचा मेसेज आला. आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाच्या, लागणीची वेळ झालीय, बेणं सांगू का? दोन निळ्या टिका दिसल्यात त्याला. मी अजून काही लिहिलेलं नाही.