हिव भरलेला सिलिंडर

[दृश्य: पोल्ट्री शेडचे पडदे, आतून उजेड]

अमरावती जिल्हा, डिसेंबरची पहाट. बाहेर पारा दहाच्या खाली. आतल्या एक दिवसाच्या पिल्लांना मात्र पहिला आठवडाभर 32 ते 34 अंशांची ऊब हवी. पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश उतरवत न्यायची. हे काम गॅसचा ब्रूडर करतो.

थर्मामीटर टांगलेला आहे, पण नजर पिल्लांवर ठेवा. ब्रूडरखाली एकमेकांवर चढली, तर ऊब कमी. चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कड्याच्या, पत्र्याला लागून चोची वासल्या, तर जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली, तर कुठून तरी वारा शिरतोय.

[दृश्य: सिलिंडर, जवळून]

आता हा 19 किलोचा सिलिंडर बघा. खालच्या अंगाला पांढरं हिव धरलंय, नखानं रेघ उमटते. आत प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात असतात. बर्नरला वाफ लागते, आणि वाफ होण्यासाठीची उष्णता द्रव सिलिंडरच्या पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. एकाच सिलिंडरवर चार ब्रूडर रात्रभर चालले की ओढ मोठी आणि हवा आधीच गार. द्रव गारठतो, दाब पडतो, ज्योत बसते. त्यात प्रोपेन उकळतं उणे 42 अंशांना, ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. म्हणून प्रोपेन आधी निघून जातं आणि पहाटेपर्यंत तळाशी ब्युटेनचं प्रमाण वाढलेलं असतं. ‘संपला’ म्हणून सिलिंडर बदलण्याआधी तो काट्यावर ठेवावा. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

उकळतं पाणी ओतू नका. आडवा तर मुळीच करू नका: द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत भडकते. दोन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे दोघांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीवर, जोडा, प्रत्येकावरची ओढ निम्मी होते. खर्च एकदाच.

[दृश्य: सांध्यावर साबणाचा फेस]

प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा फुगला की कॉक बंद, सांधा पुन्हा आवळायचा. काडी पेटवून गळती शोधणारे अजूनही आहेत! सिलिंडर शेडच्या बाहेर, उभेच ठेवायचे, कारण गॅस हवेपेक्षा जड. आत गळला तर तुसावर साचून राहतो.

पडदे गच्च बंद केले तर ज्योत पिवळी पडते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, पिल्लं मरतात. वरून वीतभर फट ठेवा, रात्रीसुद्धा. आणि घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर इथं आणू नका, धंद्यासाठी तो नियमात बसत नाही.