नोटरीकडे जायच्या आधी

नमस्कार मंडळी. जून-जुलै आला की तहसील आणि कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते, कारण ॲडमिशनचा सीझन असतो आणि प्रत्येक खिडकीवर एकच वाक्य ऐकू येतं, "हे नोटरी करून आणा". मग आई किंवा बाबा किंवा तो पोरगा स्वतः फाईल बगलेत मारून बाहेर येतो, झाडाखाली टेबल-खुर्ची टाकून बसलेल्या पहिल्या टायपिस्टकडे जातो, तो छापील फॉर्मात नाव भरून देतो, सही इथं, सही तिथं, शिक्का, पैसे, झालं. आणि विचारा कोणाला की बाबा कागदावर काय लिहिलंय, तर नाही सांगता येत. म्हणून आज नोटरीकडे जायच्या आधी काय तयारी करायची, त्यावर बोलूया, कारण मी वकील म्हणून जे कागद बघते त्यातले कितीतरी घोटाळे टेबलासमोर उभं राहायच्या आधीच टाळता आले असते.

पहिली तयारी घरी किंवा त्या खिडकीवरच करायची. ज्यांनी नोटरी करून आणा सांगितलं त्यांनाच विचारायचं, कशासाठी हवंय, मजकूर ठरलेला आहे का, त्याचा नमुना आहे का, मराठीत चालेल का, आणि साधं स्वयंघोषणापत्र चालणार नाही का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१५ मध्ये निर्णय काढलाय की, जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सक्तीचं नाही तिथे साध्या कागदावर स्वतःच्या सहीचं घोषणापत्र घ्यायचं, आणि झेरॉक्सवर स्वतःच सही करून साक्षांकित करायची. एवढी वर्षं झाली तरी अजून लोक शंभर ठिकाणी पळतात, कारण खिडकीवरचा माणूस सवयीने सांगतो आणि आपण सवयीने ऐकतो. नम्रपणे विचारा, पण विचारा.

तसंच स्टॅम्पपेपरचं. सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणारी बरीच कामं पाचशेवर गेली, तेव्हा पुन्हा गोंधळ झाला, विद्यार्थ्यांकडून जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प मागायला लागले, आणि मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी ते शुल्क माफ असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मुलाच्या दाखल्यासाठी कोणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणालं तर तिथेच थांबा आणि कोणत्या नियमाने ते विचारा. पाचशे रुपये म्हणजे एखाद्या घरची दिवसभराची मजुरी आहे हो.

आता नोटरी म्हणजे नेमकं कोण? हे सरकारने १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेले वकील असतात. साधारण दहा वर्षं वकिली झालेली लागते, महिला आणि मागासवर्गीय वकिलांना सात, आणि त्यांना जे प्रमाणपत्र मिळतं ते पाच वर्षांचं असतं, मग रिन्यू करायचं. त्यावर त्यांचं कार्यक्षेत्रही लिहिलेलं असतं. नोटरीचा शिक्का काय सांगतो? एवढंच की, हा माणूस अमुक तारखेला माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पाहिली, त्याने माझ्यासमोर शपथ घेतली किंवा सही केली. बस. आत लिहिलेलं खरं आहे असं नोटरी सांगत नाही, जमीन तुमची आहे असंही सांगत नाही. लाल तिकीट आणि गोल शिक्का दिसला की आपल्याकडे लोकांना वाटतं सरकारने पक्कं केलं, आणि इथेच घरंच्या घरं बुडतात.

गुंठेवारीचा प्लॉट बघा ना. शहराच्या कडेला एखादा गुंठा-दीड गुंठा घेतात, आयुष्याची कमाई देतात, आणि हातात काय तर स्टॅम्पवरचं नोटरी केलेलं खरेदीखत. पुढे ७/१२ वर नाव लावायला जातात तेव्हा कळतं की याने मालकी येतच नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांच्या वरची कुठलीही स्थावर मिळकत विकायची तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, बक्षीसपत्रही नोंदवावंच लागतं. नोटरीने सही केली म्हणून ती नोंदणी होत नाही. आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नुसत्या साठेखतावर (विक्रीच्या करारावर), कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर), मृत्युपत्रावर जमिनीची विक्री होत नाही. तेव्हा कोणी म्हणालं, "नोटरी करू, रजिस्ट्रीचा खर्च वाचेल", तर त्या बचतीत तुमचेच पैसे बुडणार हे लक्षात घ्या आणि पैसे देऊ नका.

भाड्याच्या घराचंही तसंच. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, हे महाराष्ट्रात बरोबर नाही. इतर काही राज्यांत अकरा महिन्यांची पळवाट चालते, पण आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाला तर कोर्ट आधी भाडेकरूचं म्हणणं धरतं. घरमालक काका-काकूंनो, हे तुमच्यासाठी सांगतेय. आता हे काम ऑनलाइन होतं, घरबसल्या, अंगठा आणि फोटो घेऊन.

लग्न आणि फारकत, हे तर जपूनच. नोटरीसमोर कागद करून लग्न होत नाही आणि घटस्फोट तर मुळीच नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा खात्याने नोटरींना लेखी कळवलं की तुम्हाला हे अधिकार नाहीत, तरी गावोगावी स्टॅम्पवर फारकत लिहून देणं चालूच आहे. ज्या बाईने असा कागद घेऊन पुढे दुसरं लग्न केलं तिचं पुढे काय होतं ते आम्ही कोर्टात बघतो, आणि पोटगीचा हक्क, मुलांचा हक्क, सगळं लोंबकळतं. पोरींनो, असा कागद कोणी पुढे केला तर सही करू नका, आधी तालुका विधी सेवा समितीत जा, तिथे महिलांना फुकट वकील मिळतो.

बरं, समजा काम नोटरीचंच आहे, म्हणजे नावाचं प्रतिज्ञापत्र आहे, शिक्षणात मध्ये खंड पडल्याचं गॅप सर्टिफिकेट आहे, हरवलेल्या मार्कशीटचं आहे, बँकेचं हमीपत्र आहे. मग घरातून निघताना काय घ्यायचं? मूळ आधार किंवा पॅन किंवा पासपोर्ट, नुसती झेरॉक्स नाही. झेरॉक्स द्यायची असेल तर आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क केलेली प्रत घ्या आणि त्यावर कशासाठी दिली ते लिहून सही करा. ज्या ज्या लोकांची कागदावर सही होणार ती सगळी हजर हवीत, "तो नंतर येऊन सही करील" हे चालत नाही. साक्षीदार लागणार असतील तर त्यांचीही ओळखपत्रं.

आणि नावं जुळवून बघा, कृपा करून. यातच सगळा वेळ जातो. बाईचं माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं आधारवर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं. गावाकडे तर ७/१२ वर चंद्रभागाबाई, आधारवर चंद्रभागा, बँकेत चंद्रभागा आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. रामभाऊ आणि रामचंद्र एकच माणूस असतो, पण कागदाला ते माहीत नसतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं असेल तर कुठल्या कागदावर कसं नाव आहे हे अक्षर न अक्षर लिहून न्या, टायपिस्टला तोंडी सांगू नका. तारखा, गट नंबर, सीट नंबर पण तसंच.

मजकूर शक्यतो आदल्या दिवशी तयार करून वाचा. मराठीत करून मागा, ज्याला इंग्रजी येत नाही त्याने इंग्रजी कागदावर शपथ कशी घ्यायची? पुढच्या ऑफिसला इंग्रजीच हवं असेल तर आधी मराठीत समजावून घ्या मग सही. आजी-आजोबांना वाचता येत नसेल तर पूर्ण मजकूर त्यांना वाचून दाखवला, समजला, असं कागदावर लिहायला लावा आणि खरोखर वाचून दाखवा, कारण अंगठा एकदा उमटला की तो नाकारणं फार अवघड जातं. आणि खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा आहे, "असंच लिहितात सगळे" हे कोर्टात कोणी ऐकत नाही.

सही घरून करून न्यायची नाही, हे अगदी ठळक अक्षरात समजा. सही नोटरीसमोरच. कुठेही मोकळी जागा सोडायची नाही, रिकामी ओळ असेल तर आडवी रेघ मारा, खाडाखोड झाली तर तिथे छोटी सही, प्रत्येक पानावर सही. कोऱ्या स्टॅम्पवर कधीच सही नाही, भावाने मागितली तरी नाही. स्टॅम्प घेत असाल तर तो व्यवहारातल्या एखाद्या माणसाच्या नावानेच घ्या, वेंडरच्या नोंदीत तारीख बरोबर बघा. आणि घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो, त्यामुळे कपाटात जुना पडलाय म्हणून काढून आणू नका. मागच्या तारखेचा स्टॅम्प कोणी देऊ केला तर तिथून उठा.

टेबलावर शेवटी हे बघा, नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र, गोल शिक्का, नोटरीचं तिकीट, सही आणि तारीख, सगळं वाचता येईल असं. त्यांच्याकडे एक रजिस्टर असतं, त्यात तुमच्या कागदाचा अनुक्रमांक पडतो आणि तुमची सही घेतात. तो नंबर कागदावर आलाय ना ते तपासा, उद्या कोणी कागद खोटा म्हणालं तर तोच नंबर उपयोगी पडतो. रजिस्टरमध्ये सही घेतलीच नाही तर स्वतःहून मागा. फीचे दर सरकारने ठरवलेले असतात आणि ते ऑफिसात दिसतील असे लावायचे असतात, पावती पण द्यायची असते. टायपिंगचा खर्च वेगळा, स्टॅम्पचा वेगळा, तो वेगवेगळा विचारून घ्या. घरी येऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे मूळ कागद ऑफिसात जमा झाला की आपल्याकडे काहीच राहत नाही.

घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर नोटरी घरी येऊ शकतात, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा लागतो, पण येतात. आधी फोन करून सांगा की व्यक्ती शुद्धीवर आहे, बोलते, कागद समजतो, आणि डॉक्टरांचं तसं पत्र हाताशी ठेवा. मृत्युपत्रासाठी मात्र नोटरी लागतच नाही, स्टॅम्पही लागत नाही, दोन साक्षीदार लागतात ज्यांनी सही होताना पाहिलेली आहे, आणि ते शक्यतो वाटणीत नसलेले असावेत.

मुलगा-मुलगी परदेशात असेल आणि इथल्या घरासाठी कुलमुखत्यारपत्र पाठवत असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीकडून करून, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा शिक्का) वगैरे जे लागेल ते लावून पाठवायला सांगा, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. कुरिअरचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच असते. इथे भारतातच राहणाऱ्याने दुसऱ्याला आपल्या वतीने नोंदणीसाठी दस्त सादर करायला पाठवायचं असेल तर ते कुलमुखत्यारपत्र नोटरीचं चालत नाही, नोंदणी अधिकाऱ्यासमोरच प्रमाणित केलेलं लागतं, आणि आजारपणामुळे जाता येत नसेल तर तो अधिकारी घरी येऊ शकतो, त्यासाठी निबंधक कार्यालयात लेखी अर्ज करायचा.

तुमचा काही प्रश्न असेल तर आकाशवाणीच्या पत्त्यावर पत्र पाठवा, फक्त त्यात आधार नंबर किंवा गट नंबर लिहू नका, प्रश्न तेवढा लिहा. नमस्कार.