लाल दिवा

(पहाट. गरवारे पॉइंट. धुक्यातून येणाऱ्या मोटारसायकली.)

पावणेसात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीची पहिली पाळी आत शिरतेय. हँडलला डबा, डोक्याला माकडटोपी. पाथर्डी फाट्यावरून येणाऱ्यांना आज चहा थांबून प्यायला वेळ नाही.

(प्रेस शॉप.)

इथे पत्र्यातून गाड्यांचे छोटे भाग ठोकून काढतात. मशीनच्या डोक्यावर बघा. लाल दिवा, आणि खाली लोंबणारी नायलॉनची दोरी. दोरी ओढली की दिवा लागतो, मशीन थांबतं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

(हात. बोट. जॉबची कड.)

कडेला बर, म्हणजे पत्रा कापताना राहिलेली धारदार कोर, आलीय. नखाला जाणवेल, एवढीच. ऑपरेटरनं बोट फिरवलं आणि दोरी ओढली. सुपरवायझर येतो. पहिला प्रश्न, "काय दिसलं?" कुणी केलं, हे इथे विचारत नाहीत.

ही रीत जपानची. साकिची टोयोडांचा 1924 सालचा यंत्रमाग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात थांबवण्याची दोरी कामगाराच्या हाती आली. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही. तुटलेली तार सांधल्याशिवाय तो पुढचा धागा टाकतच नाही.

इथे दोरी टांगायला एक दुपार पुरली. पण पुढचा दीड महिना ती कुणी ओढली नाही.

(जुनी वही. पानं उलटतात.)

कारण हे. तारीख, नाव, खराब नग, कापलेले पैसे. अशी वही कपाटात असताना आपली चूक कोण दाखवणार? खराब नग भंगाराच्या पिंपात तळाला जायचे. अमेरिकेचे गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी 14 सूत्रं सांगितली, त्यातलं आठवं हेच: भीती घालवा. बाकीची तेरा बाजूला ठेवली तरी आम्हाला वाटतं, सुरुवात इथूनच होते.

शेठनी सगळ्यांसमोर वहीच्या शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली. ही बघा. मग स्वतःचंच सांगितलं: ऑर्डरच्या घाईत बोथट डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, चढवायला लावला होता तो त्यांनीच, आणि पैसे कापले गेले ऑपरेटरचे. त्या दिवशी कॅमेरा नव्हता. जुनी माणसं सांगतात, तेच आम्ही सांगतोय.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली ती एका हेल्परनं. त्याचा अंदाज चुकला होता, नग बरोबर होता. शेठ म्हणाले, "बरं केलंस दादा. परत शंका आली तर परत ओढ."

(टूल क्रिब, म्हणजे हत्यारं ठेवायची जागा. फळीवर रंगवलेल्या आकृत्या.)

कुलूप नाही. वर्निअर, म्हणजे माप घ्यायचं हत्यार, उचललं की त्या जागी आपल्या नावाचा बिल्ला अडकवायचा. बांधिलकी वगैरे शब्द इथे कुणाच्या तोंडी नाहीत. "आपलं काम हाये," एवढंच.

ग्राहकाकडून परत येणारे लॉट कमी झाले. कंत्राटी पोरं अजून कायम झालेली नाहीत. दोरी तीही ओढतात.

(पाळी बदलतेय. दोघं डायवर वाकलेले.)

साडेतीन वाजून गेले. घरी जाणारा अजून इथेच आहे. सेटिंग कुठे सरकतंय ते तो बोटानं दाखवतो, येणारा मान हलवतो. मग पहिला टूल क्रिबकडे वळतो, वर्निअर फळीवर ठेवतो आणि आपला बिल्ला काढून खिशात टाकतो.