वाटाणा का सुरकुततो?

मंडळी, पत्रिकेत विषय 'कर्बोदकं: पिकांत आणि आहारात' असा छापलाय. आहारावर मी येणार आहे. पण आधी एक तक्रार. हल्ली जो तो 'कार्ब्स बंद केले' म्हणतो. कुठले बंद केले, विचारलं की गप्प! साखर कर्बोदक, तसा कापूसही कर्बोदकच. कापसातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच, फक्त जोडणी वेगळी. ते खाऊन कुणाचं वजन वाढल्याचं ऐकिवात नाही. (हशा) म्हणून म्हणतो, ग्लुकोज किती आहे हे नंतर, ते जोडलंय कसं हे आधी विचारा.

आता मेंडेल, वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याने दाणे मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक हे प्रमाण आपण सगळ्यांनी घोकलंय. पण वाटाणा मुळात सुरकुततो का, हे वर्गात कुणी विचारलं होतं? हात वर करा. बघा, एकही नाही! मेंडेलचा निबंध १८६६ साली छापून आला आणि याचं उत्तर मिळायला १९९० उजाडलं. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत ते सापडलं.

पान साखर तयार करतं आणि सुक्रोजच्या रूपात दाण्याकडे धाडतं. दाणा तिचं स्टार्च करून ठेवतो. (अवांतर सांगतो, पानातही दिवसा थोडं स्टार्च साठतं आणि रात्रभर वापरलं जातं. अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या इवल्याशा रोपावर प्रयोग झाले. दिवे अचानक लवकर मालवले, तर ते खर्चाचा वेग कमी करतं आणि साठा पहाटेपर्यंत पुरवतं. महिनाअखेरीला हे कुणाला जमतं?) असो. स्टार्चमध्ये दोन घटक: अमायलोज, जवळजवळ सरळ साखळी, आणि अमायलोपेक्टिन, भरपूर फांद्या फुटलेलं. या फांद्या जोडणारं एक एन्झाइम असतं. सुरकुतणाऱ्या वाटाण्यात त्याच्या जनुकात डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलाय. एन्झाइम निकामी. फांद्या कमी, त्यामुळे एकूण स्टार्चही कमी, आणि साखर तुंबते. साखर पाणी ओढते, कोवळा दाणा टम्म फुगतो. वाळताना पाणी जातं, पण ताणलेली साल तेवढीच राहते. झाल्या सुरकुत्या! आणि म्हणूनच हा वाटाणा कोवळा असताना गोड लागतो.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. बरं, आहार पटकन उरकतो.

सुरकुतलेल्या वाटाण्यात अमायलोजचं प्रमाण बरंच जास्त असतं. त्याच्या साखळ्या घट्ट बसतात, लहान आतड्यात सहज तुटत नाहीत. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. २०२० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी हाच वाटाणा लोकांना खायला दिला. जेवणानंतर रक्तातली साखर गोल वाटाण्यापेक्षा कमी चढली. पण बारीक दळलं की पेशींच्या भिंती फुटतात, शिजवलं की स्टार्च मोकळं होतं, आणि गार झालं की त्यातलं काही पुन्हा घट्ट होतं. तेव्हा नुसत्या जातीवर विसंबू नका, कसं दळलंय, कसं शिजवलंय तेही बघा.

मग सगळी पिकं अशीच का करू नयेत? कारण फांद्या कमी म्हणजे दाण्यात स्टार्च कमी, आणि धान्याचं वजन मुख्यतः स्टार्चचंच. उत्पन्न घटलं तर शेतकरी ती जात का लावेल? गव्हात जास्त अमायलोजचे वाण तयार झालेत, तिथेही पैदासकारांची झटापट याच मुद्द्यावर चालू आहे. त्यावर चार स्लाइड होत्या, त्या राहिल्या.

प्रश्न विचारा. फक्त डाएट चार्ट मागू नका, मी वनस्पतीवाला आहे.